इंग्रजीतील ‘बँक’ : शब्द एक की अनेक?

जिज्ञासू (प्रश्न)
नदीचा काठ म्हणजेही बँक आणि पैसे ठेवण्याची संस्था म्हणजेही बँक. विमान वळताना एका अंगावर कलते तेव्हा हेच क्रियापद वापरतात, आणि बटणांच्या रांगेलाही हेच नाम लावतात. मोठ्या शब्दकोशांत मात्र याच्या स्वतंत्र नोंदी आढळतात. एकाच शब्दाचे अर्थ वाढत गेले असतील तर नोंदी वेगळ्या का, आणि शब्द मुळातच वेगळे असतील तर त्यांचे रूप इतके तंतोतंत कसे जुळले? जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

शब्दवेध
नोंदी वेगळ्या आहेत, कारण हे शब्द इंग्रजीत वेगवेगळ्या काळी आणि वेगवेगळ्या वाटांनी आले. काठ या अर्थाचा शब्द जुना आहे. तो बहुधा स्कँडिनेव्हियन भाषांतून मध्ययुगीन इंग्रजीत आला असावा आणि प्राचीन नॉर्समधील ‘बक्की’ हे त्याचे नातेवाईक रूप होय. उंचवटा, मातीचा बांध, उतार हे सगळे अर्थ त्याचेच. पैशांची बँक १५व्या शतकाच्या अखेरीस इटालियन ‘बांका’ आणि फ्रेंच ‘बांक’ यांच्यामार्फत आली. ‘बांका’ म्हणजे बाक किंवा मेज. इटलीतले सराफ ज्यावर नाणी मांडून अदलाबदल करीत, त्या फळीचे नाव पुढे संपूर्ण व्यवसायाला मिळाले.

परंतु खरी गंमत याच्याही मागे आहे. इटालियन भाषेने हा शब्द जर्मानिक भाषांकडून घेतला होता आणि इंग्रजीतला ‘बेंच’ही त्याच कुळातला आहे. नदीकाठचा मातीचा उंचवटा आणि बसण्याची उंच फळी या दोन्ही कल्पना एकाच प्राचीन मुळापाशी जाऊन मिळतात, म्हणून रूपातले हे साम्य निव्वळ योगायोग मानता येत नाही. माझ्या मते, कोशकारांनी नोंदी वेगळ्या ठेवल्या हे योग्यच आहे. मात्र ही नाती त्यांनी अधिक ठळकपणे दाखवायला हवीत.

मूळशोधक
वरील विवेचनाशी मी सहमत आहे. दिवाळखोर या अर्थाचा ‘बँकरप्ट’ हा शब्दही इटालियन ‘बांका रोत्ता’, म्हणजे मोडलेला बाक, यावरून आला. त्याचा उत्तरार्ध मात्र पुढे लॅटिनच्या प्रभावाने बदलला. देणी थकवणाऱ्या सराफाचा बाक लोक खरोखरच फोडत असत, अशी कथा वारंवार सांगितली जाते. शब्दाच्या घडणीवरून एवढा निष्कर्ष काढणे मला धाडसाचे वाटते, कारण ‘मोडणे’ हे क्रियापद धंदा बुडण्यासाठी लाक्षणिक अर्थानेही सहज वापरले जाते. मेजवानीचा ‘बँक्वेट’ही मुळात ‘छोटा बाक’च आहे.

कोशप्रेमी
राहिलेल्या दोन अर्थांविषयी थोडक्यात लिहितो. विमानाचे कलणे उताराच्या अर्थावरून आले. वळणावर रस्त्याची बाहेरची कड उंच बांधतात, त्यालाही हेच क्रियापद आहे. बटणांची रांग मात्र बाकाच्या घराण्यातली आहे: जुन्या गलबतांत वल्हेकरी ज्या बाकांवर बसत त्यांवरून वल्ह्यांच्या रांगेला, आणि मग कोणत्याही ओळीने मांडलेल्या वस्तूंना हे नाव मिळाले. रक्तपेढीचा अर्थ सर्वांत नवा आहे. १९३७ साली शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात डॉ. बर्नार्ड फँटस यांनी साठवलेल्या रक्ताच्या विभागाला ‘ब्लड बँक’ म्हटले, कारण तेथेही आधी जमा करायचे आणि गरजेच्या वेळी काढायचे, हाच व्यवहार होता.