कोकणात रोज खिशात बाळगायला मल्टीटूल: घ्यावं की नको?

(एकाच विषयावर लिहिणाऱ्यांची मतं आणि उत्तरं. प्रत्येक मताच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

सड्यावरचा

पक्कड, पातं, स्क्रूड्रायव्हर असं सगळं एकात मिटणारं मल्टीटूल किनारपट्टीवरच्या माणसाने रोज खिशात ठेवावं का, एवढाच विषय आहे. माझं मत: ठेवावं. पण निवड चुकली तर दोन पावसाळ्यांत त्याचा गंजका ठोकळा होतो.

दुकानात सगळे अवजारं मोजत बसतात, १८ आहेत की २१. इथे ती मोजदाद कामाची नाही. बोटांना माशाची बुळबुळ किंवा काजूच्या बोंडाचा रस लागलेला असताना ते उघडतं का, हे आधी बघा. ज्या पात्याला खाचेत नख घालून ओढावं लागतं, ते ओल्या हाताला दाद देत नाही. बाहेरच्या बाजूने अंगठ्याने उघडणारं पातं घ्या आणि उघडल्यावर ते लॉक झालंच पाहिजे.

मग पक्कड. जबडे मिटून उजेडासमोर धरा. टोकं आधी टेकली पाहिजेत, मागे केसाएवढी फट चालेल. मागे घट्ट आणि टोकाशी फट असेल तर बारीक पिन तिच्याने कधीच धरली जाणार नाही. वर्तमानपत्राचा कपटा टोकात धरून ओढा. फाटला तर पकड चांगली, निसटला तर वस्तू दुकानदाराला परत द्या. पातं उघडून आडवं हलवून बघा, डुगडुगायला नको. सांध्याला रिव्हेट आहे की स्क्रू, तेही बघा. स्क्रू सैल झाला तर आवळता येतो, रिव्हेट सैल झाला की सैलच राहतो.

पक्कडीवर एवढा जोर का देतोय? टाकीच्या बॉलकॉकची वाकलेली पिन, आंब्याच्या पेटीत आतून वर आलेला खिळा, कुंपणाच्या तारेचं सुटलेलं टोक. पात्याचं काम कात्री, ब्लेड, विळी कशानेही भागतं. बोटांच्या चिमटीत न येणारी वस्तू धरायला पक्कडीवाचून इलाज नाही.

वजनाचं म्हणाल तर लेदरमन कंपनीचं वेव्ह प्लस २४१ ग्रॅम भरतं आणि त्यांचंच स्केलेटूल १४२. बर्म्युडाच्या खिशात हा शंभर ग्रॅमचा फरक चालताना मांडीला कळतो. कमरेच्या पट्ट्याला लावणार असाल तर पहिलं, नुसतं खिशात टाकणार असाल तर दुसरं. वेव्ह प्लसच्या तार कापायच्या धारा मात्र बदलता येतात, आणि तो फार मोठा गुण आहे. तो का, ते पुढे कोणी विचारलं तर सांगतो.

मोटरवाला

अजिबात पटत नाही, आणि पहिलं कारण जिवाचं आहे. मल्टीटूलचे दांडे उघड्या धातूचे असतात. पावसात पंप बंद पडला की माणूस ओल्या जमिनीवर, कित्येकदा अनवाणी, स्टार्टरपाशी जातो आणि खिशात जे असेल तेच बाहेर काढतो. समोर २३० व्होल्ट आणि हातात अखंड पोलाद! पक्कड घ्यायची तर १००० व्होल्टचा शिक्का असलेली घ्या. साध्या पक्कडीवरचं लाल प्लॅस्टिक नुसतं पकडीसाठी असतं, त्याला इन्सुलेशन समजू नका. आणि शिक्का असला तरी आधी मेन स्विच बंद, मग टेस्टर, मगच हात.

दुसरं म्हणजे नट. १० नंबरचा नट मल्टीटूलच्या जबड्यात धरून फिरवला की कोपरे गोल होतात आणि मग त्या नटाला पानाही लागत नाही. खाऱ्या हवेत नट आधीच चिकटलेला असतो, त्यामुळे जोर जास्त लागतो. जोर वाढला की जबडे एकमेकांवरून आडवे सरकतात आणि सांधा उसवतो. आठ इंची पक्कडीचा दांडा हातभर नसला तरी तळहाताला पुरतो. मल्टीटूलचा चार इंची दांडा पत्र्याच्या कडेने तळहातात रुततो, म्हणून पुरती ताकद लावताच येत नाही.

पक्कड, टेस्टर, १०-११ चा पाना, लहान कटर. हे सगळं मिळून मल्टीटूलच्या किमतीचा लहानसा भाग होतो. स्कूटरच्या डिकीत ठेवा. खिसा मोबाइलला राहू दे.

तंगूस

तुमी दोगव पक्कडीवरना भांडतास, पण होडयेतला कोण बोलणा नाय. होडयेत मोठी पक्कड आसताच, पण ती पेटयेत पडलेली. शिंगाळो गरयेक लागान वर इलो काय एक हात तंगसार, दुसरो फडक्यान माशार. पेटी उघडूक तिसरो हात खंयसून आणतालास?

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. शिंगाळ्याला तीन काटे असतात, एक पाठीवर आणि दोन कल्ल्यांमागच्या परांना. ते करवतीसारखे दातेरी आणि विषारी असतात. गरी (गळाचा आकडा) बोटांनी काढायला गेलं की मासा उसळतो आणि काटा हातात जातो. लांब नाकाच्या पक्कडीने गरीचा सरळ दांडा धरायचा, ज्या वाटेने ती आत गेली त्याच वळणाने उलटी फिरवायची, आणि हात माशापासून चार बोटं लांब ठेवायचा. यासाठी अवजार कमरेलाच हवं आणि एका हाताने उघडायला हवं. म्हणून मी सड्यावरच्या दादांच्या बाजूचा.

पात्याबद्दल मात्र एक दुरुस्ती. जाड तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) ओला असला की गुळगुळीत धारेवरून सरकतो. दातेरी धार त्याला चावते. पंख्यात तंगूस गुंडाळला गेला तर इंजिन बंद करून तो दातेरी पात्यानेच सुटतो. अर्धं पातं गुळगुळीत आणि अर्धं दातेरी असं मिळालं तर होडीला तेच बरं.

कातळफूल

होडी आणि पंप सोडून किती जण आहेत ते बघा. शाळेत, बँकेत, दुकानात, होमस्टेच्या स्वयंपाकघरात दिवसभरात खिशातून खरोखर काय काढावं लागतं? दुधाची पिशवी, औषधाची पट्टी, कुरिअरचा खोका, सुंभाची गाठ, चष्म्याचा स्क्रू. यातल्या एकाही कामाला पक्कड लागत नाही. कात्री लागते, आणि चांगली कात्री मिळते ती स्विस चाकूत. व्हिक्टोरिनॉक्सचा ५८ मिलिमीटरचा क्लासिक किल्ल्यांच्या जुडग्यात मावतो आणि २१ ग्रॅम भरतो. यातून मोठा हवा तर ९१ मिलिमीटरचे प्रकार आहेत, पण तिथे नीट बघून घ्या. त्याच लांबीचा स्पार्टन बिनकात्रीचा येतो.

कात्रीत बिघडते ती तिची चिमुकली स्प्रिंग, आणि ती बदलून मिळते.

दोष लपवत नाही. या चाकूचं पातं लॉक होत नाही. टोकाने भोक पाडायला किंवा पात्याच्या पाठीवर दाब द्यायला गेलात तर ते बोटांवर मिटतं. तो कापायला आहे, भोसकायला नाही. फणस कापायचा तर पात्याला आणि हाताला आधी खोबरेल लावा. सांध्यात चीक गेला तर तो साबणाने सुटत नाही, तेलानेच सुटतो.

आणि कायदा लक्षात घ्या, कारण त्यावरून लोक उगाच घाबरतात किंवा उगाच बेफिकीर राहतात. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात, आणि घरगुती व शेतीच्या कामासाठी बनवलेल्या वस्तू त्यातून वगळलेल्या आहेत. मल्टीटूलचं पातं तीन इंचांच्या आसपास असतं. विमानतळ ही वेगळी गोष्ट. चिपीहून निघताना ते हातातल्या बॅगेत राहिलं तर तपासणीत काढून घेतात. आदल्या रात्रीच सामानाच्या बॅगेत टाका.

पाटाचं पाणी

कमरेला आकडी आणि आकडीत कोयती असलेल्या माणसाला हे सगळं कशाला हवं? सोलायचा नारळ, झाडावरची फांदी, कुंपणाची शिरी, बांबूची चिप, केळीचा लोंगर, सगळं एका कोयतीत. गावचा लोहार गाडीच्या कमानपाट्याच्या पोलादाची कोयती करून देतो आणि धार गेली की पाणी देऊन (तापवून पाण्यात बुडवून) परत उभी करतो. मल्टीटूलची करवत बोटाएवढी. मनगटाएवढी फांदी कापताना तिची घासाघीस संपेपर्यंत कोयतीचे चार घाव पुरतात.

गंजाचंही सांगतो. कोयती गंजते, पण ती उघडी असते, गंज दिसतो, दगडावर दोन हात घासला की जातो. घडीच्या अवजाराचा गंज आत सांध्यात बसतो आणि अवजार उघडेनासं झालं की मगच कळतं. विकतानाच ‘स्टेनलेस’ म्हणतात, मग गंजतं का? घरातला स्टीलचा डबा तर वर्षानुवर्षं तसाच राहतो.

सड्यावरचा

पाटाचं पाणी, प्रश्न अगदी बरोबर विचारलात. डब्याचं स्टील आणि पात्याचं स्टील वेगळं. चांगल्या डब्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. ते गंजाला टिकतं, पण त्याला पाणी देऊन कडक करता येत नाही, म्हणून त्याला धार धरत नाही. पात्याला कार्बन जास्त लागतो. लेदरमनच्या पुष्कळ पात्यांत ४२०एचसी नावाचं स्टील असतं, त्यात क्रोमियम १३ टक्क्यांच्या आसपास, आणि त्यातलंही काही कार्बनशी बांधलं जातं. उरलेल्या क्रोमियमचा हवेशी मिळून झालेला पातळ थर पृष्ठभाग राखतो. मिठातलं क्लोराइड तोच थर टोचून टोचून फोडतं. म्हणून पातं सगळीकडून एकदम तांबडं होत नाही, आधी काळे ठिपके येतात. सांध्यात तर ओल अडकून राहते आणि हवा पोचत नाही, त्यामुळे फुटलेला थर परत धरत नाही. तुम्ही म्हणता तो आतला गंज हाच.

दुकानात लोहचुंबक लावून स्टेनलेस ओळखायला जाऊ नका. धार धरणारं जवळजवळ प्रत्येक स्टेनलेस चुंबकाला चिकटतं.

राखायची पद्धत ठरलेली आहे. मीठ हवेतलं पाणी ओढतं, म्हणून आधी मीठ गेलं पाहिजे. न धुता तेल सोडलं तर मीठ तेलाखाली तसंच राहतं आणि आतून खात बसतं. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन-तीन थेंब टाकून दहा मिनिटं बुडवा, जुन्या टूथब्रशने सांधे घासा, एकेक अवजार पाण्याखालीच पंधरा-वीस वेळा उघडझाप करा. वाळू किंवा जांभ्याची तांबडी माती असेल तर ती याच वेळी बाहेर येते, पाणी लालसर दिसतं. पाणी स्वच्छ निघेपर्यंत हे चालू ठेवा. शेवटचं खंगाळणं प्यायच्या पाण्याने. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, त्याने धुतलं तर मीठ परत तिथेच. झटकून, सगळं उघडं ठेवून पंख्याखाली तासभर. शेगडीवर धरून वाळवू नका, पात्याचा कडकपणा उतरतो. मग सांध्यागणिक शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, चार वेळा उघडझाप, आणि जास्तीचं पुसून टाका. पावसाळ्यात हे आठवड्याला एकदा. समुद्राचं पाणी लागलं तर त्याच दिवशी.

पाऊचमध्ये ठेवू नका, हे सगळ्यात महत्त्वाचं. चामड्याला जुलैत बुरशी येते, नायलॉनचं पाऊच ओल धरून ठेवतं. वापरापुरतं पाऊच, रात्री अवजार बाहेर.

कोयतीशी माझं भांडणच नाही. नारळ सोलायला मल्टीटूल काढणारा माणूस चुकतोय. पण कोयती घेऊन बँकेत जाता येत नाही.

मोटरवाला

तेलाबद्दल सहमत आणि त्यात भर. घरात हाताशी खोबरेल असतं म्हणून सगळे तेच सोडतात. ते माती धरतं. २४ अंशांच्या खाली तर गोठतंच, डिसेंबरच्या पहाटे अवजार कोरडं असल्यासारखं अडतं. कातळफूल यांनी सांगितलं तसं फणसाच्या चिकाला ठीक, पण नंतर धुऊन काढा. डब्ल्यूडी-४० या फवाऱ्यावरही भिस्त नको. ते पाणी हुसकायला उत्तम, पण त्यातला बराच भाग उडून जातो. त्यावर खरं तेल लागतंच.

विजेचा मुद्दा मात्र कोणी खोडला नाही. मल्टीटूल घेणाराने ते विजेच्या कामाला न वापरण्याचा नियम घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावा, मुलांनाही.

आणि ‘धारा बदलता येतात’ हा मोठा गुण का, ते मीच सांगतो. तांब्याची आणि साधी जीआय (जस्त चढवलेली) तार या धारा कापतात. स्प्रिंगची तार, ब्रेकची केबल किंवा गरी कापायला गेलात की धारेला दात पडतो, आणि तिथून पुढे नरम तारही कापली न जाता चेपते. धार बदलता येत नसेल तर अवजाराचा तो भाग कायमचा गेला.

तंगूस

गरी कापायला होडीत वेगळी कटिंग पक्कड ठेवायची, मल्टीटूल नाही. हे मान्य.

एक राहिलं. होडीवर ते दोरीला बांधा. जाळ्याचं लहानसं बूच लावून तरंगेल असं समजू नका. २४१ ग्रॅमचं पोलाद पाण्यात बुडाल्यावरही दोनशे ग्रॅमच्या वर खाली ओढतं. दोरी कमरेच्या पट्ट्याला बांधा, हातभरच लांब. गळ्यात किंवा मनगटात कधीच अडकवू नका, जाळं ओढताना किंवा इंजिनच्या फिरत्या पट्ट्याजवळ ती दोरीच माणसाला ओढून नेते. सुतळी नको, ती भिजून मीठ धरते आणि कडीचा भाग आधी गंजतो. तीन मिलिमीटरची नायलॉनची दोरी घ्या, टोक मेणबत्तीवर वितळवून बसवा.