प्रॅक्टिस: ‘सी’ की ‘एस’, आणि मराठीत काय?

दादरकर: शिवाजी पार्कला नेटमध्ये प्रॅक्टिस, हायकोर्टात प्रॅक्टिस. भाषांतरात दोन्हीकडे ‘सराव’ चालेल? स्पेलिंग कोणतं?

मुद्रितशोधक: नाही चालणार. नेटमध्ये सराव, कोर्टात वकिली, डॉक्टरांचा व्यवसाय. ‘इन प्रॅक्टिस’ म्हणजे प्रत्यक्षात. तिथे ‘सरावात’ लिहिलं की वाक्यच फसतं. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये नाम ‘सी’ने, क्रियापद ‘एस’ने. अडलात तर अॅडव्हाइस-अॅडव्हाइझ आठवा, तिथे उच्चारच फरक दाखवतो. अमेरिकेत दोन्हींना ‘सी’.

गिरगावकर: राज्यघटनेच्या कलम १९च्या इंग्रजी पाठात क्रियापद ‘एस’नेच आहे. कोर्टाच्या कागदांत तेच ठेवा. अनेकवचन दिसलं, तर बहुधा प्रथा किंवा पद्धती: ‘अनुचित व्यापारी प्रथा’.

दादरकर: आभार, ‘प्रत्यक्षात’ची चूक आत्ताच सुधारली.