टेकडीच्या पायथ्याच्या फ्लॅटसाठी जास्तीचे पैसे मोजावेत का?

प्रश्न : अंगणवेल

नमस्कार. आम्ही पुण्यात पश्चिमेकडे दोन बेडरूमचा फ्लॅट शोधत आहोत. घरात आम्ही दोघे, दहा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. बरीच पाहणी केल्यावर दोन पर्याय उरले आहेत. पहिला बाणेर-पाषाण टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या जुन्या सोसायटीतला आहे. इमारत साधी आहे, लिफ्ट लहान आहे, पण बाल्कनीतून थेट टेकडी दिसते आणि सोसायटीच्या मागच्या फाटकातून वर जाणारी पायवाट सुरू होते. दुसरा म्हाळुंगे भागातल्या नव्या गृहप्रकल्पातला आहे. तेथे आतच बाग, जॉगिंग ट्रॅक आणि मुलांसाठी खेळण्याची जागा दाखवली आहे. जुन्या फ्लॅटचे मालक चौरस फुटामागे आजूबाजूच्या सोसायट्यांपेक्षा बराच वरचा दर सांगत आहेत आणि त्याचे कारण म्हणून केवळ टेकडीकडे बोट दाखवतात.

टेकडी, बाग किंवा चालण्याची वाट जवळ असणे याला रोजच्या जगण्यात खरोखर किती किंमत आहे, आणि पुढे घर विकायची वेळ आलीच तर घेणाराही ती मोजेल का, हे अशा ठिकाणी राहणाऱ्यांकडून जाणून घ्यायचे आहे.

उत्तर : सह्यवारा

मी वेताळ टेकडीच्या कोथरूडकडील बाजूला बरीच वर्षे राहतो. टेकडी दिसणे आणि टेकडीवर जाता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दर सांगताना त्या हमखास एकत्र केल्या जातात. आमच्या रस्त्यावर अगदी टेकडीला खेटून एक सोसायटी आहे. तिच्या सर्व खिडक्यांतून झाडी दिसते, पण मध्ये उंच संरक्षक भिंत असल्यामुळे तेथील रहिवाशांना मुख्य रस्त्याने लांबचा वळसा घालून प्रवेशाच्या ठिकाणी यावे लागते. सुरुवातीला ते स्कूटरवरून येतात, आणि काही महिन्यांत बहुतेकांचे येणे थांबते. याउलट आमच्या दारातून बाहेर पडले की चार-पाच मिनिटांत पाय मुरमावर पडतो, आणि म्हणूनच ऑफिसच्या दिवशीसुद्धा जाणे होते. महापालिकेची उद्याने ठरावीक वेळेतच उघडी असतात, टेकडीला ते बंधन जाणवत नाही, हाही मोठा फायदा आहे.

पहाटे येथे निवृत्त मंडळी दोन्ही हातांत पाच-पाच लिटरचे कॅन घेऊन चढताना दिसतात. स्वतः लावलेल्या रोपांना उन्हाळाभर पाणी घालण्याचा त्यांचा नेम आहे. कोणाच्या रोपाला पालवी फुटली, कोणते वणव्यात गेले, याची खबर सगळ्यांना असते. शहरात नव्याने आलेल्या कुटुंबाला ओळखी होण्यासाठी यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही.

मात्र सासूबाईंचा विचार वेगळा करावा. चढ, सुटे दगड आणि पावसाळ्यातला निसरडा मुरूम गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी योग्य नाहीत. त्यांना सपाट, सावलीची आणि मध्ये बसायला बाक असलेली वाट लागेल. ती जवळपास आहे का, हे त्यांना प्रत्यक्ष सोबत नेऊन पाहा.

उत्तर : नकाशावाचक

मी नगररचनेच्या क्षेत्रात काम केले आहे, म्हणून कागदांविषयी लिहितो. डोळ्यांना सलग हिरवी दिसणारी टेकडी कागदावर क्वचितच एकसंध असते. तिचा काही भाग वनखात्याचा, काही सरकारी संस्थांचा आणि काही खासगी मालकांचा असतो. पुणे महापालिकेत १९९७ मध्ये २३ गावे समाविष्ट झाली. त्यांच्या विकास आराखड्यात बाणेर, बावधन, वारजे अशा भागांतील टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे, म्हणजे ज्याला सर्वजण बीडीपी म्हणतात त्याचे, आरक्षण आहे. हे क्षेत्र सुमारे ९७८ हेक्टर असून राज्य सरकारने २०१५ मध्ये ते कायम केले. यातील बरीच जमीन आजही खासगी मालकीची आहे आणि भूसंपादन अत्यंत संथ आहे. आरक्षणामुळे बांधकामाला आळा बसतो हे खरे, पण आरक्षण पडले म्हणजे उद्यान झाले असे मात्र नाही.

सपाट जमिनीवरील उद्यानाच्या आरक्षणाबाबत तर अधिकच सावध राहावे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार, आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतरच्या मुदतीतही संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. ‘समोर कायम बागच राहणार’ असे सांगितले गेले, तर ती जागा महापालिकेच्या ताब्यात आली आहे का, हा पहिला प्रश्न विचारा. सर्व्हे क्रमांक घेऊन महापालिकेच्या बांधकाम विकास विभागाकडून झोन दाखला, म्हणजे जमीन आराखड्यात कोणत्या वापरासाठी दाखवली आहे याचा दाखला, काढा आणि टेकडीच्या बाजूच्या जमिनीचा सातबाराही पाहा. टेकडीवरून किंवा तिच्या पोटातून जाणारा एखादा रस्ता आराखड्यात आखलेला आहे का, तेही त्याच वेळी तपासा. वेताळ टेकडीवरून आखलेल्या बालभारती ते पौड फाटा रस्त्यावरून झालेला वाद आपण सर्वांनी पाहिला आहे.

नव्या प्रकल्पाचे गणित वेगळे आहे. म्हाळुंगे २०२१ मध्ये महापालिका हद्दीत आले, त्यामुळे तेथील आराखड्याची स्थिती स्वतंत्रपणे पाहावी लागेल. एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर दहा टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी ठेवावी लागते. ही जागा मंजूर नकाशात नेमकी कोठे आहे, तिचा आकार कसा आहे आणि पुढच्या टप्प्याच्या इमारती कोठे येणार आहेत, हे महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाची कागदपत्रे उघडून पाहा. पार्किंगच्या छतावर केलेल्या बागेत मातीचा थर उथळ असतो, म्हणून तेथे वड-पिंपळ सोडाच, कडुनिंबाची घनदाट सावलीही मिळत नाही. मात्र एक गोष्ट खरेदीदाराच्या बाजूने आहे. रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या, कलम १४ मुळे मंजूर आराखड्यात दोन तृतीयांश खरेदीदारांच्या लेखी संमतीशिवाय मोठे बदल करता येत नाहीत, आणि जाहिरातीतील खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्यास कलम १२ खाली भरपाई मागता येते. म्हणून माहितीपत्रक जपून ठेवा.

उत्तर : खाडीकाठ

मी नवी मुंबईत खारघरला सेंट्रल पार्कजवळ राहते. सुमारे ८० हेक्टरचे हे उद्यान नसते तर आम्ही या भागात घर घेतलेच नसते, आणि त्या निर्णयाचे समाधान आजही आहे. तरीही उद्यानाच्या अगदी समोर राहण्यापेक्षा एक-दोन गल्ल्या आत राहणे मला बरे वाटते. रविवारी संध्याकाळी समोरच्या रस्त्यावर गाड्यांची गर्दी होते. आत तिचा आवाज पोहोचत नाही आणि चालत मात्र तितक्याच वेळात जाता येते.

विक्रीबद्दल विचारले आहे म्हणून सांगते. गृहकर्ज देताना बँकेचा मूल्यांकनकार आसपासच्या व्यवहारांचे दर पाहतो, आणि रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या, दरात बाल्कनीतल्या दृश्याची नोंद नसते. मूल्यांकन करारातील रकमेपेक्षा कमी आले तर फरकाची रक्कम स्वतःच्या खिशातून उभी करावी लागते, आणि मुद्रांक शुल्क मात्र करारमूल्य जास्त असेल तर त्यावरच भरावे लागते. पुढे तुमच्याकडून घेणाऱ्यालाही हेच लागू होईल. माझ्या अनुभवात हिरवाईजवळच्या घराचा दर फार वाढतो असे नाही, पण गिऱ्हाईक लवकर मिळते. लहान मुले असलेली आणि नुकतीच निवृत्त झालेली कुटुंबे असे घर आवर्जून शोधत येतात.

अंगणवेल

सर्वांचे मनापासून आभार. झोन दाखल्यासाठी अर्ज केला आहे. सोसायटीच्या सचिवांना भेटले, तेव्हा एक नवी गोष्ट कळली. मागच्या फाटकापासून वर जाणारी पायवाट सुरुवातीला एका खासगी भूखंडावरून जाते. लोक फार वर्षांपासून ती वापरतात आणि मालकाने कधी अडवलेले नाही, असे ते म्हणाले. एवढ्यावर विसंबून राहावे का?

उत्तर : नकाशावाचक

विसंबू नये. मालकाने आजवर अडवले नाही, याचा अर्थ त्याने परवानगी दिली असाही लावला जाऊ शकतो, आणि परवानगी काढून घेता येते. भारतीय सुखाधिकार अधिनियम, १८८२ नुसार वहिवाटीने वाटेचा हक्क मिळण्यासाठी वीस वर्षे अखंड, उघडपणे आणि हक्क म्हणून वापर झालेला असावा लागतो, आणि मालकाने तो नाकारल्यास न्यायालयात सिद्ध करावा लागतो. ते ओझे एका फ्लॅटधारकाने उचलण्याजोगे नाही. भूखंड बीडीपीत असला तरी मालक कुंपण घालण्याचा प्रयत्न करू शकतो.

म्हणून ती पायवाट उद्या बंद झाली असे धरून हिशेब करा. टेकडीवर जाण्याचा सार्वजनिक जागेवरचा सर्वांत जवळचा प्रवेश कोठे आहे, तेथवर दारातून चालत किती वेळ लागतो आणि मुलीला एकटीने ओलांडता येणार नाही असा रस्ता मध्ये आहे का, हे सकाळी आणि संध्याकाळी जाऊन पाहा. ते अंतर दहा मिनिटांच्या आत असेल तर जास्तीच्या दराचा काही भाग देण्यास हरकत नाही. वीस-पंचवीस मिनिटे लागत असतील, तर शेजारच्या सोसायट्यांचा दर हाच तुमचा दर समजून मालकांशी बोला, आणि त्या खासगी भूखंडाचा सातबारा हातात घेऊनच बोलायला बसा.