मदत हवी आहे: वासोट्यासाठी बामणोलीतून बोट शेअर करायची आहे

आम्ही दोघी सांगलीहून डिसेंबरमध्ये वासोटा किल्ल्याचा ट्रेक करायचा म्हणतोय. अडचण बोटीची. सातारा जिल्ह्यातल्या बामणोलीहून शिवसागर जलाशय (कोयना धरणाचं पाणी) ओलांडून पायथ्याच्या मेट इंदवलीला जाणारी बोट अख्खीच ठरवावी लागते. दहा-बाराजणांत ते भाडं परवडतं, दोघींना नाही. आमचं बजेट साताऱ्यापासून पुढचं सगळं धरून माणशी हजार रुपये.

बोट क्लबला फोन केला होता. "सकाळी लवकर या, कुठल्या ग्रुपमध्ये जागा असली तर बसवतो," एवढंच म्हणाले. ट्रेकिंग ग्रुपचं पॅकेजही पाहिलं, पण ते पुण्याहून निघतं आणि खर्च दुपटीवर जातो. ओळखीत कुणी त्या तारखांना मोकळं नाही.

रविवारी गर्दी असते म्हणून जागा मिळेल असं वाटतं, पण शनिवारी सुट्टी मिळाली तर शनिवारीही चालेल. गाडी नाही, एसटीनेच येणार. किल्ला कोयना अभयारण्यात असल्यामुळे वर मुक्काम करता येत नाही, हे माहीत आहे. त्यामुळे सकाळची बोट हुकली की सगळा दिवसच गेला, याचीच जास्त काळजी आहे. चढायची सवय आहे, कुणाला आमच्यासाठी थांबावं लागणार नाही.

वनखात्याची परवानगी आमची दोघींची वेगळी काढायची, की ज्यांच्या बोटीत बसू त्यांच्याच यादीत नावं घालावी लागतात? आणि साताऱ्याहून सकाळची पहिली एसटी धरून वेळेत पोचता येतं, की आदल्या रात्री बामणोलीतच राहायला हवं? राहायचं झालं तर दोघी मुलींना सुरक्षित आणि स्वस्त असं कुणाचं घरगुती ठिकाण माहीत आहे का?