आयपॉड क्लासिकवर ख्याल आणि नाट्यसंगीत: लायब्ररी कशात सांभाळावी?

प्रश्न : कोमल_निषाद

आयपॉड क्लासिक, २००९ची १६० जीबीची आवृत्ती. कॉम्प्युटरवर विंडोज ११. संग्रह साधारण ११,००० फाइल्सचा, निम्मा फ्लॅक (आवाज न गमावता दाबलेल्या फाइल्स) आणि निम्मा एमपी३. ख्याल सर्वांत जास्त, त्याखालोखाल नाट्यसंगीत आणि अभंग.

आयट्यून्स फ्लॅक घेत नाही, म्हणून म्युझिकबी, मीडियामंकी आणि फूबार २००० यांचा विचार चालू आहे. आयपॉडवर रागाप्रमाणे शोधता आलं पाहिजे. विलंबित संपून द्रुत सुरू होताना मध्ये खंड पडता कामा नये. कलाकारांच्या यादीत एकच गायक चार वेळा दिसू नये. आणि उद्या सॉफ्टवेअर बदललं तरी हे सगळं काम वाया जाऊ नये. काय घ्यावं?

प्रतिसाद १ : खर्ज

सॉफ्टवेअर शेवटी ठरवा, आधी टॅग (गाण्याच्या फाइलमध्ये लिहिलेली शीर्षक, गायक, अल्बम अशी माहिती). तुमच्या शेवटच्या अपेक्षेचं उत्तर त्यातच आहे: जी माहिती फाइलच्या आत लिहिलेली आहे ती कुठल्याही सॉफ्टवेअरबरोबर जाते, आणि जी फक्त सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमध्ये आहे ती तिथेच राहते.

आयपॉडच्या मूळ मेनूत शोधायचे रस्ते मोजके आहेत: प्लेलिस्ट, कलाकार, अल्बम, गाणी, प्रकार, संगीतकार. 'राग' असा रकाना नाही आणि कुठल्याही सॉफ्टवेअरला तो तिथे आणता येणार नाही. म्युझिकबीत 'राग' नावाचा स्वतंत्र टॅग बनवता येतो (प्रेफरन्सेसमध्ये टॅग्ज), पण तो कॉम्प्युटरपुरता. आयपॉड तो वाचत नाही. म्हणजे ठरलेल्या रकान्यांपैकीच एक रागाला द्यावा लागतो. ख्यालाच्या बाबतीत सर्वांत मोकळा रकाना कंपोझरचा, म्हणजे संगीतकाराचा. बंदिशीचा रचनाकार कव्हरवर बहुधा छापलेलाच नसतो. सदारंग-अदारंगांचं नाव बंदिशीतल्या मुद्रेतूनच (शब्दांत गुंफलेल्या नावातूनच) कळतं.

नाट्यसंगीताला मात्र कंपोझर हवाच. जितेंद्र अभिषेकी तुमच्या संग्रहात गायक म्हणूनही असतील आणि संगीतकार म्हणूनही. म्हणून रागाच्या आधी 'राग' हा शब्द लावा: 'राग यमन', 'राग मारुबिहाग', 'राग जौनपुरी'. संगीतकारांच्या यादीत सगळे राग एका ठिकाणी सलग येतात आणि नाट्यसंगीताचे संगीतकार आपापल्या जागी राहतात.

कलाकाराच्या रकान्यात फक्त मुख्य गायक. तबला, हार्मोनिअम, सारंगीची साथ कॉमेंटमध्ये लिहा. 'भीमसेन जोशी', 'पं. भीमसेन जोशी' आणि 'पंडित भीमसेन जोशी' हे यंत्राच्या लेखी तीन वेगळे गायक आहेत. आदर मनात असतोच, रकान्यात बिरुद नको. आडनावाप्रमाणे क्रम हवा असेल तर 'सॉर्ट आर्टिस्ट' हा वेगळा टॅग आहे. तिथे 'जोशी भीमसेन' लिहा. पडद्यावर नाव जसंच्या तसं दिसतं, फक्त क्रम बदलतो.

रागांच्या नावांची एक यादी आधी करून ठेवा आणि त्यातूनच नक्कल-चिकट करा. 'मियाँ मल्हार' आणि 'मियां मल्हार', 'भीमपलास' आणि 'भीमपलासी' वेगळे पडतात हे डोळ्यांना तरी दिसतं. 'ऱ' मात्र फसवतो: तो एकाच सांकेतिक खुणेनेही लिहिता येतो आणि 'र'खाली नुक्ता देऊनही. दिसायला हुबेहूब सारखा, पण बरीच सॉफ्टवेअर दोन वेगळी नावं धरतात.

देवनागरी टॅग एमपी३मध्ये लिहिताना आयडी३ची (एमपी३मधल्या टॅगच्या साच्याची) २.३ आवृत्ती आणि यूटीएफ-१६ हा अक्षरसंकेत निवडा. लॅटिन संकेतात सेव्ह झालं की अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात आणि मूळ मजकूर परत मिळत नाही. जुन्या आयडी३ आवृत्ती १मध्ये शीर्षक, कलाकार, अल्बम या रकान्यांना प्रत्येकी ३० बाइट असतात. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट खातं, मात्राही वेगळी मोजली जाते. म्हणजे दहा चिन्हांत नाव संपलं. तो जुना टॅग एमपी३टॅग या टॅग बदलायच्या प्रोग्रामने सरळ काढून टाका. आयपॉडचा पडदाही २.५ इंचांचाच आहे, तेव्हा शीर्षकात मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) आधी, 'विलंबित एकताल' नंतर. आणि सगळा संग्रह पाठवण्याआधी वीसेक फाइल्स चढवून पडद्यावर अक्षरं कशी उमटतात ते बघा. नीट नसतील तर आयपॉडच्या प्रतीत रोमन टॅग ठेवावे लागतील.

प्रतिसाद २ : सव्वा_रुपया

वरच्याला जोडून. दोन प्रती ठेवा. मूळ प्रत फ्लॅकमध्ये, तिला राग आणि रचनाकार असे खरे वेगळे टॅग. दुसरी प्रत फक्त आयपॉडसाठी, जिच्यात कंपोझरचा रकाना रागाला दिलेला आहे. एमपी३टॅगमध्ये एक कृती लिहून ठेवली (कंपोझर = 'राग' + रागाचा टॅग) की हे हजारो फाइल्सवर एकदम होतं. ख्यालाच्या फोल्डरवरच चालवा, नाट्यसंगीतावर नको.

जागेचा हिशेब असा. २५६ केबीपीएस एएसी (एमपी३सारखाच आवाज दाबणारा प्रकार) म्हणजे मिनिटाला १.९२ एमबी, तेव्हा १६० जीबीत सुमारे १,३९० तास बसतात. लॉसलेस (आवाज न गमावणारं) एएलएसी, म्हणजे अ‍ॅपलचा फ्लॅकसारखा प्रकार, मिनिटाला ५.५ एमबी धरलं तर ४८० तासांच्या आसपास. जागा हा एकच मुद्दा नाही. आयपॉडची डिस्क फिरती आहे. ती थोडं वाचून मेमरीत ठेवते आणि थांबते, त्यामुळे बॅटरी टिकते. पाऊण तासाचा विलंबित एएसीत ८६ एमबी होतो, एएलएसीत जवळपास २५० एमबी. तेवढं मेमरीत मावत नसल्याने डिस्क पुन्हा पुन्हा जागी होते आणि बॅटरी लवकर उतरते. ख्यालासाठी एएसीच बरं. डिस्क काढून तिथे मेमरी कार्डाचा अ‍ॅडॉप्टर बसवला असेल तर ही अडचण उरत नाही.

फ्लॅक ९६ किलोहर्ट्झचं असेल तर बदलतानाच ४४.१ किंवा ४८वर आणा. त्यापुढचं आयपॉड क्लासिक वाजवत नाही.

खंडाबद्दल. एमपी३ आणि एएसी बनवताना एन्कोडर (त्या फाइल्स बनवणारा प्रोग्राम) सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता भरतो. ती किती भरली याची नोंद फाइलमध्ये असेल तर आयपॉड क्लासिक ती वगळून सलग वाजवतो. लेम या एन्कोडरने बनवलेल्या एमपी३त ही नोंद असते. काही जुन्या एन्कोडरांच्या फाइल्समध्ये नसते आणि ती नंतर घालून उपयोग नाही, सीडी पुन्हा उतरवावी लागते. फ्लॅकवरून जाताना सोपा उपाय: फूबारच्या कन्व्हर्टरमध्ये 'सगळे ट्रॅक एका फाइलमध्ये' हा पर्याय निवडून विलंबित आणि द्रुत जोडूनच टाका. मैफिलीचं ध्वनिमुद्रण असेल तर तेच शोभतं.

सॉफ्टवेअर म्हणून माझं मत म्युझिकबीला. फोल्डरवर नजर ठेवतं, म्हणजे नवी फाइल टाकली की लायब्ररीत आपोआप येते. पाठवताना फ्लॅकचं एएसी करून देतं. फक्त विंडोजवर चालतं, ही त्याची मर्यादा. फूबारसाठी आयपॉड मॅनेजर नावाचा घटक आहे आणि तोही उत्तम आहे, पण त्याच्यासाठी फूबारची ३२-बिट आवृत्ती घ्या.

प्रतिसाद ३ : अंतरा

आयट्यून्स इतक्या पटकन बाद करू नका. क्लासिक हे यंत्र त्याच्याबरोबरच घडवलं गेलं आणि काही गोष्टी तिथेच सर्वांत सरळ होतात.

पहिली म्हणजे स्मार्ट प्लेलिस्ट. 'प्रकार ख्याल, ६० दिवसांत ऐकलेलं नाही, २० जीबीपर्यंत, सर्वांत जुनं ऐकलेलं आधी' असा नियम लावला की दर वेळी आयपॉड जोडल्यावर ऐकलेलं उतरतं आणि विसरलेलं चढतं. मोठ्या संग्रहातल्या अनवट रागांची पाळी अशीच येते. हे चालतं याचं कारण आयपॉड किती वेळा आणि केव्हा ऐकलं ते मोजतो आणि जोडल्यावर लायब्ररीला कळवतो.

दुसरी, गेट इन्फोच्या ऑप्शन्समधल्या दोन खुणा: 'रिमेंबर प्लेबॅक पोझिशन' आणि 'स्किप व्हेन शफलिंग'. पाऊण तासाच्या ख्यालांवर दोन्ही लावा, सगळे एकदम निवडून लावता येतात. मध्येच थांबवलेला ख्याल पुढच्या वेळी तिथूनच सुरू होतो आणि शफलमध्ये अभंगानंतर अचानक विलंबित येत नाही.

फ्लॅकचं एएलएसी करून घेतलं की आयट्यून्सची तक्रार संपते. दोन्ही लॉसलेस, तेव्हा आवाजात काही हरवत नाही.

जपायच्या जागाही सांगते. प्रेफरन्सेसच्या अ‍ॅडव्हान्स्डमध्ये 'कीप आयट्यून्स मीडिया फोल्डर ऑर्गनाइज्ड' आणि 'कॉपी फाइल्स…' या दोन्ही खुणा पहिली फाइल टाकण्याआधी काढा. नाहीतर तुमची फोल्डररचना कलाकार-अल्बमप्रमाणे बदलते किंवा सगळ्याची दुसरी प्रत तयार होते. नंतर एक्सप्लोररमधून फोल्डरचं नाव बदललंत तर यादीत उद्गारचिन्हं दिसतील, कारण आयट्यून्स फाइलचा पत्ता लिहून ठेवतं आणि फोल्डरवर लक्ष ठेवत नाही. आयपॉडच्या पानावरचा 'जास्त बिटरेटची गाणी बदला' हा पर्याय सोयीचा वाटतो, पण तो ३२०च्या एमपी३चंही पुन्हा एएसी करतो. एकदा दाबलेलं पुन्हा दाबलं जातं. मिश्र संग्रहात तो बंद ठेवा.

आणि विंडोजवर अ‍ॅपल म्युझिक आणि अ‍ॅपल डिव्हायसेस ही नवी अ‍ॅप घातलीत तर आयट्यून्सकडे पॉडकास्ट आणि ऑडिओबुक एवढंच उरतं. आयट्यून्सच वापरायचं असेल तर ती घालू नका.

कोमल_निषाद

टॅगचं पटलं. कंपोझरची युक्ती करतोच. दोन शंका: ऐकल्याच्या नोंदी आणि तारे (गाण्यांना दिलेलं रेटिंग) फाइलमध्ये जातात का? आणि म्युझिकबी व आयट्यून्स दोन्ही एकाच आयपॉडवर आलटून पालटून चालतील का?

प्रतिसाद ४ : अंतरा

आयट्यून्समध्ये नाही जात. तारे आणि नोंदी 'आयट्यून्स लायब्ररी' या आयटीएल फाइलमध्ये राहतात. महिन्यातून एकदा आयट्यून्स बंद करून ती फाइल दुसरीकडे कॉपी करा. त्याशिवाय अ‍ॅडव्हान्स्डमध्ये लायब्ररीची एक्सएमएल इतर प्रोग्रामना देण्याची खूण आहे, ती लावून ठेवा.

आलटून पालटून नको. आयट्यून्सच्या आपोआप सिंकमध्ये आयपॉड एकाच लायब्ररीशी बांधलेला असतो. दुसऱ्या लायब्ररीला जोडलात तर 'इरेज अँड सिंक' विचारलं जातं आणि हो म्हटलं की आधीचं सगळं जातं. म्युझिकबी वापरायचं ठरलं तर आयट्यून्समध्ये 'मॅन्युअली मॅनेज म्युझिक' लावा आणि मग ते फक्त आयपॉड रिस्टोर करायलाच उघडा.

प्रतिसाद ५ : पाटी_पेन्सिल

रॉकबॉक्सचं (आयपॉडच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरऐवजी चालणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरचं) नाव अजून कोणी घेतलेलं दिसत नाही. आयपॉड क्लासिकवर ते चालतं. फ्लॅक थेट वाजतं, लायब्ररी सॉफ्टवेअर लागतच नाही. एक्सप्लोररमधून फोल्डर ओढून टाकायचे. डिस्क एफएटी३२ या मांडणीची हवी, म्हणजे विंडोजवर रिस्टोर केलेला आयपॉड. मॅकवर केलेला असेल तर आधी विंडोजवर पुन्हा रिस्टोर करा, त्यात गाणी पुसली जातात.

तुमच्या मुख्य मागणीसाठी: रॉकबॉक्सच्या डेटाबेसचा मेनू टॅगनॅव्ही नावाच्या साध्या मजकूर फाइलमधून बनतो. त्यात 'ग्रुपिंग, मग कलाकार, मग अल्बम, मग शीर्षक' अशी ओळ लिहिली आणि राग ग्रुपिंग या टॅगमध्ये ठेवला की मेनूत 'राग' हा दरवाजाच तयार होतो. कंपोझर उसना घ्यावा लागत नाही.

दोन उणिवा धरून चाला. फायली टाकल्यावर डेटाबेस हाताने अद्ययावत करावा लागतो, आणि हजारो फाइल्स फिरत्या डिस्कवरून वाचायच्या म्हणजे पहिल्यांदा बराच वेळ जातो. तेव्हा चार्जरला लावून ठेवा. दुसरं, जोडाक्षरं नीट जुळवून दाखवायची सोय त्यात नाही. 'कृष्ण' किंवा 'स्वर' वाचायला त्रास होईल, म्हणून तिथे टॅग रोमनच बरे.

प्रतिसाद ६ : खर्ज

पुढे कधीतरी लागेल म्हणून लिहून ठेवतो. मूळ फर्मवेअरवर, म्हणजे आयपॉडच्या आतल्या अ‍ॅपलच्या सॉफ्टवेअरवर, गाणी 'आयपॉड_कंट्रोल' या लपलेल्या फोल्डरमधल्या 'म्युझिक'मध्ये असतात. तिथे एफ००पासून एफ४९पर्यंत फोल्डर आणि प्रत्येक फाइलला चार अक्षरांचं निरर्थक नाव. मेनूत काय दिसेल ते शेजारच्या आयट्यून्सडीबी या एका फाइलवर ठरतं. म्हणूनच एक्सप्लोररमधून टाकलेलं गाणं मूळ मेनूत कधीच येत नाही.

क्लासिकमध्ये या फाइलवर त्या त्या आयपॉडच्या क्रमांकावरून काढलेली खूण असते. सॉफ्टवेअरने ती चुकीची लिहिली, किंवा 'डू नॉट डिस्कनेक्ट' दिसत असताना केबल निघाली, तर डिस्क भरलेली आणि मेनूत शून्य गाणी असा प्रकार होतो. घाबरून रिस्टोर करू नका. गाणी जागेवरच असतात. लपलेल्या फाइल्स दाखवा, सगळे एफ फोल्डर कॉम्प्युटरवर कॉपी करा, एमपी३टॅगमध्ये 'टॅगवरून फाइलनाव' चालवा. टॅग नीट असतील तर ११,००० फाइल्सची नावं थोड्या वेळात परत लागतात.

लिनक्सवाल्यांनी हाच क्रमांक हाताने द्यायचा: 'एलएसयूएसबी -व्ही' या कमांडमध्ये दिसणारा १६ अंकी सिरीयल 'डिव्हाइस' फोल्डरमधल्या सिसइन्फो फाइलमध्ये फायरवायरजीयूआयडी म्हणून लिहिला की मग लिबजीपॉड (आयपॉड हाताळणारा कोडसंच) वापरणारे प्रोग्राम बरोबर खूण लिहितात.