मदत हवी आहे: वानर आणि टसरचा पतंग, तुलनेचा तक्ता

निसर्ग शिबिरासाठी भंडारा-गडचिरोलीच्या जंगलातल्या दोन पानखाऊ प्राण्यांचा तक्ता करतोय: काळ्या तोंडाचं वानर (लाल तोंडाचं माकड नव्हे) आणि टसरचा पतंग (ज्याच्या कोशापासून टसर रेशीम मिळतं).

पहिली अडचण तुलना कोणाशी करायची ही. पतंगाला कामाचं तोंडच नसतं. आठवडा-दहा दिवस तो अळीपणी साठवलेल्या चरबीवर जगतो, त्यामुळे ‘आहार’ रकान्यात अळीच घ्यावी लागते. बहुतेक तक्ते इथेच चुकतात. वानराच्या पोटात कप्पे असतात, पुढच्या कप्प्यात जिवाणू पानाचा चोथा आंबवतात, म्हणून ते जेवल्यावर तासन्‌तास बसून असतं. अळीचं आतडं याउलट तीव्र अल्कधर्मी. ती पान भराभर कुरतडते, रस काढून घेते आणि चोथा लेंड्यांतून खाली टाकते. ऐनाखाली (या झाडाची पानं अळ्या खातात) त्या खाचदार लेंड्यांचा सडा दिसला की वर अळ्या आहेत समजायचं.

पिल्लांचा रकाना सोपा आहे. वानराला साधारण साडेसहा महिन्यांच्या गर्भारपणानंतर एक पिल्लू. पतंगाची मादी दीडदोनशे अंडी घालते, ती आठ-दहा दिवसांत फुटतात. अळी चारदा कात टाकते आणि देठाने फांदीला लटकणारा टणक कोसा (रेशमी कोश) विणते.

आता प्रश्न. वानरं ऐनाची पानं खाताना कोणी पाहिलीत का? कोणत्या महिन्यात, कोवळी की निबर? टसरच्या अळ्या असलेल्या झाडावर टोळी आली तर अळ्याही खाते, की फांद्या हलून त्या नुसत्या खाली पडतात? आणि अळीच्या प्रत्येक अवस्थेला टसरच्या अळ्या पाळणारे ढिवर समाजातले लोक काय म्हणतात? तक्त्यात तेच शब्द हवेत.