शब्दचर्चा : सेन्सर विणलेल्या कपड्यांना मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : कंपवाताच्या रुग्णांसाठी एक माहितीपत्रक मराठीत करीत आहे. ‘वेअरेबल सेन्सर क्लोदिंग’साठी ‘संवेदनशील कपडे’ आणि ‘मॉनिटरिंग’साठी ‘पाळत’ हे शब्द चालतील का?

उत्तर : दोन्ही शब्द टाळावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मराठीत संवेदनशील असतो तो माणूस, किंवा ज्यावर जपून बोलावे लागते तो विषय. निवडणुकीच्या बातमीत मतदान केंद्रही संवेदनशील असते. ‘संवेदी’ हा पर्याय सुचवला जातो, पण ‘संवेदी चेता’ (स्पर्श, वेदना यांची जाणीव मेंदूकडे नेणारी नस) हा शब्द शरीरशास्त्रात आधीच रुळलेला असल्याने, चेतासंस्थेच्या आजारावरील पत्रकात ‘संवेदी वस्त्र’ वाचणाऱ्याला ते हातापायांची बधिरता घालवणारे कापड वाटण्याचा धोका आहे. सेन्सरला ‘संवेदक’ म्हणतात. तेव्हा एकदा ‘संवेदकयुक्त वस्त्र’ लिहून पुढे सरळ ‘सेन्सरची बंडी’, ‘सेन्सरचा पायमोजा’ असे लिहावे. परभणी-हिंगोलीकडच्या घरात तोच शब्द तोंडी बसेल.

यात एक भेद मात्र जपायला हवा. हालचालीचा वेग कसा बदलतो हे मोजणारी चकती कपड्यात शिवलेली असते, म्हणजे संवेदक ‘बसवलेला’ असतो. पण काही वस्त्रांत वीज वाहून नेणारा धागाच विणलेला असतो, आणि गुडघा वाकून कापड ताणले गेले की त्या धाग्यांच्या विणीचा विद्युतरोध बदलतो, त्यावरून पावलाची नोंद होते. असा एक धागा म्हणजे चांदीचा थर दिलेले नायलॉन. पैठणीच्या पारंपरिक जरीत रेशमावर चांदीचीच तार गुंडाळतात. तिथे चांदी झळाळीसाठी, इथे विजेसाठी. म्हणून ‘वीजवाहक जर’ हा शब्द मी आग्रहाने सुचवतो. पैठणच्या विणकराला तो समजावून सांगावा लागणार नाही.

‘पाळत’ संशयितावर ठेवतात. ज्या माणसाला हातातला चहा सांडेल म्हणून चारचौघांत बसण्याचा संकोच वाटतो, त्याच्या अंगावरच्या कपड्याला हा शब्द लावू नये. ‘हालचालींची नोंद’ म्हणावे, कारण वस्त्र तेवढेच करते. डॉक्टरांना रुग्ण काही मिनिटे दिसतो. लेव्होडोपा या कंपवातावरच्या औषधाच्या गोळीचा असर दुपारी केव्हा उतरतो आणि कंप केव्हा वाढतो, हे घरी घडते.

‘कंप’ या शब्दाबद्दलही लिहितो. आमच्या भागात ‘हात कापायलेत’ म्हणतात, म्हणजे हात थरथरत आहेत. मराठवाड्याबाहेरच्या कानाला ‘कापायला’ म्हणजे चिरायला. वडिलांना पहिल्यांदा दाखवायला नेले, तेव्हा आईचे हेच वाक्य ऐकून डॉक्टरांनी जखम कुठे आहे, असे विचारले होते. पत्रकात ‘थरथर’ लिहिल्यास हा घोटाळा टळेल. विश्रांतीच्या वेळी दिसणारी ही थरथर सेकंदाला साधारण 4 ते 6 वेळा होते. अंगठा तर्जनीवरून फिरत राहतो, त्याला वैद्यकात गोळी वळण्याची उपमा देतात. वडिलांचे बोट पाहून आजी म्हणायची, ‘बसल्या बसल्या वाती वळायलाय.’ त्यामुळे आम्हा मुलांना कंपवातातली वात हीच वाटत असे. दिव्याची ती वात, आणि आजारातला तो वात, म्हणजे आयुर्वेदातला दोष. शब्द वेगळे आहेत, तरी उपमा मला आजीचीच नेमकी वाटते.

पुन्हा प्रश्न : आभारी आहे. चालताना अचानक पाय थांबतात, त्या ‘फ्रीझिंग’ला ‘गोठणे’ लिहिले आहे. ते बरोबर आहे का?

उत्तर : ‘पाय गोठले’ म्हटले की वाचकाला थंडी आठवेल, आणि घरचे लोक पायाला तेल लावून शेकत बसतील. ‘पाय खिळणे’ लिहावे. इच्छा असते, अंग पुढे झुकते, पण पाऊल जमिनीवरून सुटत नाही, हे सारे त्या क्रियापदात येते. असे दारात किंवा वळताना अधिक घडते. वडील उंबऱ्यापाशी चौकट धरून उभे राहत आणि ‘पाय उचलंना’ एवढेच म्हणत. पत्रकातले वाक्य असे करता येईल : ‘उंबऱ्याशी पाय खिळल्यास रुग्णाला ओढू नये, सेन्सरच्या पायमोज्यात त्या वेळेची नोंद होते, ती डॉक्टरांना दाखवावी.’